शून्याच्या खाली की अनंताच्या पलीकडे?

‘पदार्थातील कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप म्हणजे तापमान’ ही व्याख्या आपण वर्गात सांगतो आणि विद्यार्थी ती पाठ करतात. गतिज ऊर्जा शून्याहून कमी असू शकत नाही. म्हणून केवल शून्याच्या, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सियसच्या खाली तापमान नसते, असेही आपण सांगतो. मात्र जानेवारी २०१३ मध्ये ‘नेचर’ने बातमी दिली ती क्वांटम वायू केवल शून्याच्या खाली गेल्याची. अशा वेळी एखाद्या चौकस विद्यार्थ्याने ‘सर, मग पुस्तक चुकीचे का?’ असे विचारले, तर काय सांगायचे?

पुस्तकातील व्याख्या अपुरी आहे, आणि मथळा दिशाभूल करणारा आहे.

हे पडताळायला दहा विद्यार्थी पुरेत. बसलेल्याची ऊर्जा शून्य, उभ्याची एक एकक असे माना. सगळे बसलेले असतील तर मांडणी एकच. एक जण उभा असेल तर १० मांडण्या, दोघे असतील तर ४५, पाच जण असतील तर २५२. इथपर्यंत ऊर्जा वाढली की मांडण्याही वाढतात. पुढे चक्र उलटे फिरते. सात उभे असतील तर १२०, नऊ असतील तर १० आणि सगळे उभे असतील तर पुन्हा एकच.

मांडण्यांच्या संख्येशी निगडित असलेली राशी म्हणजे एन्ट्रॉपी. ऊर्जा दिल्यावर एन्ट्रॉपी वाढत असेल तर तापमान धन आणि घटत असेल तर ऋण, ही ऊष्मागतिकीची खरी व्याख्या. निम्मे विद्यार्थी उभे असताना तापमान अनंत होते आणि त्यापलीकडे ते ऋण होते. म्हणजे ऋण तापमानाला जाण्याची वाट शून्यातून जात नाही, अनंतातून जाते. ऋण तापमानाच्या वस्तूने ऊर्जा दिली की तिची स्वतःची एन्ट्रॉपी वाढते आणि घेणाऱ्या साध्या वस्तूचीही वाढते. म्हणून उष्णता नेहमी तिच्याकडूनच वाहते. अशी वस्तू गारठलेली नसते. ती कोणत्याही धन तापमानाच्या वस्तूहून अधिक उष्ण असते! ‘खाली’ हा मथळ्यातील शब्द नेमका इथे फसवतो.

यासाठी अट एकच. कणांच्या ऊर्जेला वरची मर्यादा हवी. साध्या वायूत ती नसते, म्हणून शाळेतील व्याख्या तेथे निभावून जाते. पर्सेल आणि पाउंड यांनी १९५१ मध्ये लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकातील अणुकेंद्रांच्या स्पिनबाबत हे दाखवले. त्यांनी चुंबकीय क्षेत्र इतक्या झटकन उलटवले की अणुकेंद्रांना मागोमाग वळता आले नाही, आणि बहुतेक वरच्या ऊर्जापातळीवर राहिली. म्युनिकच्या गटाचे २०१३ मधील श्रेय वेगळे आहे. लेसर किरणांच्या जाळीत पोटॅशियमचे अणू ठेवून त्यांनी स्पिनऐवजी अणूंच्या गतीबाबत हीच अवस्था साधली. हे यश मोठे आहे, पण बातम्यांत ते झाकले गेले आणि चमत्कार तेवढा पुढे आला.

या विषयावर एक गंभीर आक्षेपही आला. डंकेल आणि हिल्बर्ट यांनी २०१४ मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये म्हटले की, एन्ट्रॉपी मोजताना त्या ऊर्जेच्या मांडण्यांबरोबर तिच्याखालच्या ऊर्जांच्या मांडण्याही धराव्यात. आपल्या वर्गात असे केले तर बेरीज वाढतच जाते आणि तापमान कधीच ऋण होत नाही. व्याख्या तपासण्याची त्यांची वृत्ती कौतुकास्पद आहे, पण हा उपाय पटत नाही. समान तापमानाच्या वस्तू चिकटवल्या तर उष्णता वाहू नये, ही तापमानाची पहिली कसोटी. फ्रेंकेल आणि वॉरन यांनी २०१५ मध्ये दाखवले की, ही नवी व्याख्या त्या कसोटीला उतरत नाही. जी राशी उष्णतेच्या वहनाची दिशा सांगत नाही, तिला तापमान का म्हणावे?

शिक्षकांनी यातून काय घ्यावे? नववी-दहावीत एन्ट्रॉपी शिकवायची गरज नाही. मात्र व्याख्येच्या आधी एक वाक्य सांगता येईल: ‘दोन वस्तू एकमेकींना लागल्या असता उष्णता कुठून कुठे जाईल, हे ठरवणारी राशी म्हणजे तापमान.’ त्यानंतर ‘साध्या वायूत ती कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेच्या प्रमाणात असते’ असे जोडावे. एवढे केले तर तो मथळा वाचून विद्यार्थी पुस्तकावर रागावणार नाही. ‘खाली म्हणजे नक्की कुठे?’ असे तो मथळ्यालाच विचारील.