भित्ती, प्रथिन आणि ताण : एका परिभाषेची चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेविषयी मराठीत होणारी चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते : परकीय शब्दाला संस्कृतोद्भव प्रतिशब्द द्यावा, की तो जसाच्या तसा स्वीकारावा? या वादात एक मूलभूत गोष्ट दृष्टिआड होते. शास्त्रीय नाव हे पुष्कळदा वस्तूचे केवळ अभिधान नसते. त्या वस्तूविषयीचे एक अनुमान त्यात दडलेले असते. अनुमान बदलले तरी नाव मात्र टिकून राहते. तृणधान्यांच्या पेशीभित्तीतील प्रथिने आणि त्या पिकांची अवर्षण सोसण्याची शक्ती यांच्या संबंधाविषयीचे संशोधनवाङ्मय या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

आरंभ 'भित्ती' या शब्दापासूनच करावा लागतो. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात बुचाच्या पातळ कापातील कप्प्यांना 'सेल' म्हटले. वस्तुतः त्यांना दिसल्या त्या मृत पेशींच्या भिंतीच होत. आत जिवंत असे काही उरलेच नव्हते. भिंतीवरून पेशीला नाव मिळाले, आणि पुढे जीवद्रव्याचे महत्त्व कळल्यावर तीच भिंत निर्जीव कवच म्हणून गौण ठरली. 'पेशीभित्तिका' हा मराठी शब्दही बांधकामाचेच रूपक वाहतो. परंतु घराची भिंत एकदा बांधली की वाढत नाही. वनस्पतीची भित्ती मात्र आतील पाण्याच्या दाबाखाली न फाटता पसरते, पसरताना नवे द्रव्य सामावून घेते आणि वाढ संपली की घट्ट होते. भित्तीतील प्रथिनांचे कार्य या तीन अवस्थांच्या संदर्भातच समजू शकते. रूपक मात्र त्यांपैकी केवळ शेवटची सुचविते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. लॅम्पोर्ट आणि नॉर्थकोट यांनी १९६० मध्ये पेशीभित्तीत हायड्रॉक्सिप्रोलिन हे अमिनो आम्ल असल्याचे दाखविले. तोवर हे आम्ल मुख्यतः प्राण्यांच्या कोलॅजेनमुळे परिचित होते. ते ज्या प्रथिनाचा घटक आहे, त्याला लॅम्पोर्ट यांनी लवकरच 'एक्स्टेन्सिन' हे नाव दिले. भित्तीच्या ताणले जाण्याचे नियमन हे प्रथिन करीत असावे, ही त्यामागील कल्पना होती. नावावरून वाचकाला अर्थ जाणवतो तो 'विस्तार घडविणारे' असा. पुढील संशोधनात जे चित्र उभे राहिले ते बव्हंशी उलट दिशेचे आहे. वाढ मंदावलेल्या, जखम झालेल्या किंवा रोगजंतूंचा उपद्रव झालेल्या ऊतींत हे प्रथिन अधिक साचते; त्यातील टायरोसिनचे घटक पेरॉक्सिडेज विकरांच्या साहाय्याने परस्परांशी जोडले जाऊन अविद्राव्य जाळे तयार होते आणि भित्ती बळकट होते. पुढे १९९२ मध्ये मॅक्वीन-मेसन, ड्युराच्को आणि कॉस्ग्रोव्ह यांनी काकडीच्या रोपांतून भित्ती खरोखर सैल करणारी प्रथिने वेगळी केली. त्यांना 'एक्स्पान्सिन' हे नाव मिळाले. म्हणजे जवळजवळ समानार्थी अशा दोन नावांखाली, एक आवळणारे आणि एक सैल करणारे, अशी दोन प्रथिने शेजारी शेजारी नांदू लागली.

अशा नावांचे भाषांतर केल्यास काय होईल? एकाला 'विस्तारक' आणि दुसऱ्याला 'प्रसारक' म्हटले, तर मूळ नावातील चूक मराठीत अधिक ठळक होऊन अवतरेल. इंग्रजीत ती निदान लॅटिन धातूच्या आड झाकलेली आहे.

तिसरा शब्द 'ताण'. जेकब लेव्हिट यांनी वनस्पतींच्या पर्यावरणीय प्रतिसादांवरील १९७२ च्या ग्रंथात या विषयाची परिभाषा यामिकीच्या आधारे बांधली. यामिकीच्या मराठी परिभाषेत ज्याला 'प्रतिबल' म्हणतात, त्याच इंग्रजी शब्दाला शेतीविषयक लेखनात 'ताण' म्हणतात. पेशीभित्तीविषयी लिहिताना मात्र हे दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात येतात. पिकाला पाण्याचा ताण पडला की पेशीतील दाब उतरतो आणि भित्तीवरील यांत्रिक ताण कमी होतो. अर्थात एक ताण वाढला की दुसरा घटतो! दोहोंना एकच शब्द वापरणारा लेखक वाचकाला विपरीत निष्कर्षाकडे नेऊ शकतो. शिवाय मराठी बागाईतदाराचा 'ताण' आणखी निराळा आहे. मोसंबी, संत्री किंवा डाळिंबाचा बहार धरण्यासाठी तो बागेला ताण देतो, आणि योग्य वेळी पाणी सोडून तो तोडतो. त्याच्या भाषेत ताण ही केवळ आपत्ती नसून एक उपायही आहे.

'सहनशीलता' या शब्दाचीही हीच गत आहे. लेव्हिट यांनी प्रतिकाराचे दोन प्रकार केले होते : ताण टाळणे आणि ताण सोसणे. जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढणारी रब्बी ज्वारी खोल मुळांनी पाणी मिळवीत असेल, तर ती तेवढ्यापुरता ताण टाळते. प्रत्यक्ष पेशी कोरड्या पडूनही जगत असतील, तरच तिने तो सोसला असे म्हणता येईल. सरसकट 'सहनशील' म्हटल्याने हा भेद पुसला जातो, आणि भित्तीतील प्रथिनाचा वाटा कोणत्या टप्प्यावर शोधावा हेच कळेनासे होते.

या शब्दांच्या आधारे रचली जाणारी वाक्येही तपासावयास हवीत. अवर्षणात अमुक जनुकाची अभिव्यक्ती वाढली, म्हणून त्याचे प्रथिन सहनशीलता देते, अशी मांडणी या वाङ्मयात वारंवार आढळते. यातील 'म्हणून' हे अव्यय पुराव्याचे काम करू पाहते. वाढ ही उपायाचे चिन्ह असू शकते, तशीच ती इजेचेही असू शकते. शिवाय एक्स्टेन्सिनविषयीचे बरेचसे ज्ञान द्विदलिकित वनस्पतींतून आलेले आहे. तृणधान्यांच्या भित्तीची घडण वेगळी. तीत पेक्टिन व रचनात्मक प्रथिने तुलनेने कमी, आणि अरॅबिनोझायलनच्या शाखांना फेरुलिक आम्लाने साधलेल्या जोडण्या महत्त्वाच्या. टोमॅटोचा निष्कर्ष गव्हाला लावण्यापूर्वी स्वतंत्र पुरावा हवा.

संयमी मांडणीचे उदाहरण याच क्षेत्रात आहे. वू, शार्प, ड्युराच्को आणि कॉस्ग्रोव्ह यांनी १९९६ मध्ये पाणी दुर्मिळ असताना मक्याचे प्राथमिक मूळ टोकाजवळ वाढत का राहते, याचा शोध घेतला. त्यांनी भित्तीची ताणक्षमता, एक्स्पान्सिनची क्रिया आणि भित्तीची त्या प्रथिनाला मिळणारी साथ ही तीन अंगे वेगवेगळी तपासली. दावा केला तो मुळाची वाढ टिकण्यापुरता, संपूर्ण पीक तगण्याचा नव्हे.

तज्ज्ञाला अर्थ ठाऊक असतो, नाव ही केवळ चिठ्ठी होय, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तज्ज्ञापुरता तो खरा आहे. परंतु विद्यार्थी विषयात प्रवेश करतो तो नावाच्याच दारातून, आणि वाणपैदासकार प्रयोगासाठी जनुक निवडतो तेव्हा पुष्कळदा त्याच्यापुढे नावांची यादीच असते. चुकीच्या नावाची किंमत तेथे काही हंगामांत मोजावी लागते. म्हणून मराठी परिभाषाकारांनी द्रव्यांची नावे लिप्यंतरित ठेवावीत, क्रियांची नावे मात्र निःसंकोच मराठी करावीत : भित्ती सैलावणे, आवळणे, ताण टाळणे, ताण सोसणे. या क्रियापदांत अनुमान लपून राहू शकत नाही; काय मोजले ते त्यांना सांगावेच लागते.