अंड्याचे कोणते टोक आधी?

'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो. लिहिताना मात्र दोन आधी. पंचवीस ऐकून ५२ लिहिणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असे वाचन सुचवले, तेव्हा केवढा वाद झाला! असाच पेच संगणकांपुढेही होता. त्यावर डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी लिहिलेला 'ऑन होली वॉर्स अँड अ प्ली फॉर पीस' हा निबंध शिक्षकांनी वाचावा आणि थोडा तपासूनही पाहावा, असे आम्हांला वाटते.

एका बाइटमध्ये ० ते २५५ याच संख्या मावतात. समजा, तारापूरजवळच्या दांडी या मच्छीमारांच्या गावातून एका प्रोग्रॅमने दिवसाची आवक २५८ किलो अशी मुंबईतील प्रोग्रॅमला कळवली. २५८ म्हणजे १ × २५६ + २; बाइट दोन, १ आणि २. पाठवणाऱ्याने मोठा बाइट आधी धाडला आणि घेणाऱ्याने तो लहान मानला, तर उत्तर येते २ × २५६ + १, म्हणजे ५१३. वजन जवळजवळ दुप्पट, आणि चूक झाल्याची सूचना कुठेही नाही!

अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून लढणारे लोक 'गलिव्हर'च्या गोष्टीत आहेत. त्यांच्यावरून कोहेन यांनी दोन्ही पक्षांना बिग-एंडियन व लिटल-एंडियन अशी नावे दिली. दोन्ही क्रम सारखेच चालतात, दोष असतो तो सरमिसळीत, हे त्यांनी स्वच्छ दाखवले. कोणता क्रम यापेक्षा सर्वांचा एकच क्रम महत्त्वाचा. हवे तर नाणे उडवा, हा त्यांचा निष्कर्ष आम्हांला पटतो. इंटरनेटच्या मूळ नियमांनी पुढे मोठा बाइट आधी घेतला.

आमचा आक्षेप वेगळा आहे. अंड्याची गोष्ट इतकी गोड आहे की सांगणारा तिथेच थांबतो, आणि क्रम ठरला म्हणजे सारे ठरले असे विद्यार्थ्याला वाटते. प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ते सॉकेटमधून. नेहमीच्या टीसीपी जोडणीत त्यातून बाइटची अखंड रांग येते. दोनदा पाठवलेले एकदम येईल, एकदा पाठवलेले तुकड्यांत येईल. नोंद कुठे संपली, हे रांग सांगत नाही. ते आधी ठरवावे लागते. शिवाय २५८ हे किलो की टोपल्या? आवक शून्य होती, की मोजलीच नव्हती? या प्रश्नांना नाणे उडवून उत्तर मिळत नाही.

जहाजांच्या एआयएस या ओळखयंत्रणेने ही उत्तरे लिहून ठेवली आहेत. जागा कळवणाऱ्या तिच्या संदेशात रेखांशाला २८ बिट, अक्षांशाला २७. एकक मिनिटाचा दहा हजारावा भाग. रेखांश ठाऊक नसेल तर १८१ अंश लिहायचे, कारण १८० पलीकडे रेखांशच नाही. दोन्ही जागी शून्य लिहिले असते, तर अरबी समुद्रातले जहाज आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात दिसले असते. संकटातल्या नावेला शोधताना हा फरक जिवाशी येतो.

वर्गात करून पाहा. एका गटाने नावेचे स्थान आणि आवक फक्त ० ते २५५ आकड्यांच्या चिठ्ठ्यांवर लिहावी, दुसऱ्याने वाचावी. आधी काहीही न ठरवता, मग ठरवून. कोहेन यांच्या निबंधात जे राहिले, ते मुले स्वतःच शोधून काढतील.