निःशब्द यंत्रसंगीत आणि रसिकाचा एकांत

सिकंदराबादेतील मराठी माणसाचे कान दिवसभर शब्दांनी भरलेले असतात. शेजारी तेलुगू, बाजारात दखनी उर्दू, माडीवर तमिळ आणि स्वतःच्या घरात मराठी. येथील एका तरुणाने, उत्तम मराठी येत असूनही, 'रात्री मला शब्द नसलेलेच संगीत हवे असते' असे सांगितले, तेव्हा शब्दांवर जगणाऱ्या आम्हांस थोडे वाईटच वाटले. त्याने ऐकविलेली ध्वनिमुद्रिका चरणजित सिंग यांची, १९८२ सालची, भैरव, ललित, तोडी, मालकंस आदी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविणारी.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातील या वादकाने जपानी बनावटीची विद्युत्-यंत्रे घेऊन ती सिद्ध केली. त्या वेळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर शिकागोतील १९८७ च्या नृत्यसंगीताची चाहूल हिच्यात आधीच लागते, असे पाश्चात्त्य लिहू लागले. अग्रक्रमाचा हा वाद आम्हांस गौण वाटतो.

महत्त्वाचे निराळेच आहे. यातील एक यंत्र मूळचे बास गिटारची नक्कल करण्यासाठी घडविलेले; परंतु त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. चरणजित सिंगांनी तिच्यातून मींडेचा आभास निर्माण केला. मींड साधत नाही म्हणून ज्या हार्मोनियमला दोष दिला गेला आणि जिला १९४० पासून १९७१ पर्यंत आपल्या नभोवाणीचे दार बंद राहिले, तिच्यापेक्षा हे 'निर्जीव' यंत्र निदान या एका बाबतीत गळ्याच्या अधिक जवळ जाते! तथापि तोडीचा अतिकोमल गांधार येथे सापडत नाही, आणि अखंड एका गतीने चालणारा ठेका स्वराला विसावू देत नाही. ही उणीव लहान नव्हे.

मग जिव्हाळा कोठून येतो? काव्यात साधारणीकरणाने भाव व्यक्तीपासून सुटतो व सर्वांचा होतो, असे आपले शास्त्र सांगते. येथे वाटचाल उलटी दिसते. गाणाऱ्याचा श्वास नाही, कवीचे दुःख नाही. स्वरांची जागा मोकळी राहते आणि ऐकणारा तीत आपलेच काही आणून ठेवतो. तराण्यातही अर्थवाही शब्द नसतात हे खरे, पण तेथे गायकाचा कंठ असतो. तो आपल्या व स्वराच्या मध्ये उभा राहतो.

आम्ही त्या तरुणाबरोबर भैरव पुन्हा ऐकला. त्याचे आजोबा रेल्वेत होते. ठेक्यात त्याला काझीपेठकडे निघालेल्या रात्रीच्या गाडीची चाके ऐकू येत होती. आम्हांला मात्र त्याच ठिकाणी नाटकाची शेवटची भैरवी आठवली, आणि खुर्च्या सरकवीत उठणारे प्रेक्षक.