मोळी आणि आंघोळ

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ (१९३५) आपण मातृभक्तीचे पुस्तक म्हणून मुलांच्या हाती देतो. त्यातील ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण मात्र अधिक काही मागते. वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला आई श्यामला पाठवते. पण नंतर आंघोळ करायलाही सांगते. मदत घडली, तरी विटाळाची समजूत शाबूत राहिली. ही उणीव मुलांपासून लपवू नये. स्वतः गुरुजी तेथे थांबले नाहीत. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. मावळातील उर्से येथे शेतांशेजारी कारखाने उभे राहिले, परप्रांतीय कामगार शेजारी आले. तेथे हे प्रकरण वाचून एखाद्या मुलाने विचारावे : आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा पेला वेगळा का?