वसतिगृहाचें वाङ्मय

सक्करदऱ्याहून उमरेडकडे जाणाऱ्या रस्त्यानें जून महिन्यांत फिरावयास निघालें, म्हणजे ट्रंक व गादीची वळकटी घेऊन उतरणारीं मुलें हटकून दिसतात. भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी अशा गांवांहून तीं आलेलीं असतात, आणि पुढचीं कित्येक वर्षें त्यांचें आयुष्य कोणत्या तरी वसतिगृहांतील एका खाटेभोंवतीं जावयाचें असतें. एवढा मोठा अनुभव ज्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याच्या वाङ्मयांत त्याचें प्रतिबिंब किती पडलें, हा प्रश्न आमच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत आहे.

इंग्रजींत हा विषय केव्हांच रूढ झाला. टॉमस ह्यूजचें 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' १८५७ सालीं निघालें. रग्बीच्या शाळेची व डॉ. आर्नोल्डची कीर्ति त्यानें घरोघर नेली, आणि तशा कथांची तिकडे एक परंपराच पडली. पण तें माप आपल्याकडे लावणें चुकीचें होईल. रग्बीचा मुलगा सुखवस्तु घरांतून येतो. तो धीट व्हावा म्हणून त्यास घराबाहेर धाडतात. आपल्याकडील मुलगा बहुधा गांवीं शाळा नाहीं व पोटाची सोय नाहीं म्हणून निघतो. माधुकरी व वार यांची जागा पुढें बोर्डिंगानें घेतली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह काढलें, आणि तेथील मुलांच्या जेवणासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने मोडले. एका पंक्तीस बसणें हाच तेथें पहिला धडा होता. मराठी वसतिगृहाची खरी कथा क्रीडांगणावर नव्हे, स्वयंपाकघरांत सांपडेल, असें आम्हांस वाटतें तें यामुळें.

साने गुरुजींस हें पक्कें ठाऊक होतें. औंधची त्यांची हालाखीची विद्यार्थिदशा 'धडपडणारा श्याम' मध्यें आली आहे. १९२४ ते १९३० या काळांत ते अमळनेरास शिक्षक होते. तेथील छात्रालय त्यांच्याकडे आलें, तेव्हां मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांचे कपडे धूत, आणि 'छात्रालय दैनिक' स्वहस्तें लिहून काढीत. अधीक्षक हा आई होऊं शकतो, हें त्यांनीं आचरणानें सिद्ध केलें. त्याबद्दल वाद नाहीं. परंतु 'धडपडणारी मुले' या कादंबरींतील मुलें आम्हांस फारच गुणी वाटतात. भुकेनें चिडलेला, सोबत्याचा डबा चोरून उघडणारा मुलगा तींत सहसा भेटत नाहीं. मायेची दृष्टि उघडी असली, तरी ती वरून खालीं पाहणारी आहे. दैनिकांतहि लिहिणारे गुरुजी, वाचणारीं मुलें!

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ सालीं आली, आणि खोलींत राहणारा मुलगाच बोलूं लागला. आम्हीं ती प्रथम वाचली, तेव्हां तिची भाषा उच्छृंखल वाटली होती. तो आमचा उतावळेपणा. खानदेशांतून पुण्यास येऊन, बापाचे पैसे घालवून गांवीं परतणाऱ्या पांडुरंग सांगवीकराच्या तोंडीं उपदेशाचा शब्द नाहीं, हेंच तिचें बळ आहे. मात्र पांडुरंगाचा बाप पैसेवाला. अन्नाची चिंता त्याची नव्हे. ती बाजू दया पवार यांच्या 'बलुतं' नें (१९७८) मांडली. पण तेंहि प्रौढपणीं मागें वळून केलेलें लेखन. आज ज्याच्या पुढ्यांत ताट आहे, त्याचें काय?

गतवर्षीं आम्हीं वर्गांत 'माझें वसतिगृह' हा निबंध घातला. बहुतेकांनीं पहाटे उठणें, शिस्त व बंधुभाव यांचीं ठरीव वाक्यें उतरवून दिलीं. एकानें मात्र लिहिलें कीं, रविवारीं रात्रीं मेस बंद असते. त्या रात्रीं आईनें बांधून दिलेला चिवडा पांघरुणांत शिरून खावा लागतो, कारण तो वांटला तर पुढच्या रविवारास उरत नाहीं. शुद्धलेखनाच्या सतरा चुका होत्या. आम्हीं त्यास दहांपैकीं चार गुण दिले, आणि 'विषय सोडून लिहिलें आहे' असा शेरा मारला. तो मुलगा आतां पुढच्या वर्गांत आहे. निबंधाची वही त्यानें पुन्हां आमच्याकडे दिलेली नाहीं.