क्षमेचे ओझे कोणावर? : आर्चबिशप टूटू यांच्या ग्रंथाविषयी

सुरतेजवळच्या खोलवड गावातून दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या कुटुंबांत युसूफ दादू व अहमद तिमोल यांची घराणी होती. १९६० साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली आणि वर्णद्वेषी राजवटीशी झगडणाऱ्या या पक्षाचे नेतृत्व तीस वर्षे तुरुंगात वा परदेशात राहिले. चळवळीचे सहकारी दादू १९८३ मध्ये लंडन येथे निवर्तले. तिमोल हा तरुण शिक्षक १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस कोठडीत मृत्यू पावला. आर्चबिशप डेझमंड टूटू यांचा ‘नो फ्युचर विदाउट फर्गिव्हनेस’ (१९९९) हा ग्रंथ सुरतेच्या वाचकाने या घराण्यांचे स्मरण ठेवून वाचावा.

१९९४ मध्ये पक्ष लोकमताने सत्तेवर आला. पुढे नेमलेल्या सत्य व समेट आयोगाचे टूटू हे अध्यक्ष. सूड आणि विस्मरण या दोन्ही वाटा नाकारून, राजकीय हेतूने केलेल्या अपराधाचे संपूर्ण सत्य सांगणाऱ्यास माफी, ही तिसरी वाट ते समर्थितात. एकाचे माणूसपण दुसऱ्याच्या माणूसपणात गुंतलेले असते, या ‘उबुंटू’ विचाराची ख्रिस्ती क्षमेशी त्यांनी घातलेली सांगड हे ग्रंथाचे खरे बळ होय. आयोगाने विजेत्यांनाही वगळले नाही. परदेशातील छावण्यांत पक्षाने स्वतःच्याच माणसांचा छळ केल्याची नोंद अहवालात झाली. १९९८ मध्ये अहवाल रोखण्यासाठी पक्ष न्यायालयात गेला. तो प्रयत्न फसला.

तथापि एक प्रश्न उरतो. जे पुढे आलेच नाहीत, त्यांचे काय? १९९६ मध्ये तिमोलच्या आईने आयोगापुढे साक्ष दिली. मारेकऱ्यांपैकी कोणीही कबुली दिली नाही. १९७२ च्या चौकशीत आत्महत्या ठरलेला हा मृत्यू खून असल्याचा निर्णय न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. आरोपी ठरलेला माजी पोलीस खटला चालण्यापूर्वीच २०२१ मध्ये मरण पावला. आयोगाने खटल्यांसाठी सोपविलेली बहुतेक प्रकरणे राज्यकर्त्यांनी पडू दिली. हा दोष ग्रंथकाराचा नव्हे. परंतु ग्रंथात क्षमा करणाऱ्याचे औदार्य जितके उजळते, तितके क्षमा मागणाऱ्याचे कर्तव्य उजळत नाही. माफीसाठी पश्चात्तापाची अट नव्हती, याचे समर्थनही अपुरे वाटते. जक्कयाने प्रभूपुढे उभे राहून चौपट परतफेड कबूल केली. त्याने ज्यांना लुबाडले त्यांना ‘विसरा’ असे कोणी सांगितले नाही.

डिसेंबर १९९२ च्या दंगलीत सुरतेनेही माणसे गमावली. समेटाचा उपदेश करताना आपली मंडळी प्रथम कोणाकडे वळते, दुखावलेल्याकडे की दुखविणाऱ्याकडे? हा प्रश्न स्वतःस विचारूनच हा थोर ग्रंथ हाती घ्यावा.