शेवट ठाऊक असलेली गोष्ट

आमच्या रेवदंड्याकडे कीर्तनाला बसलेल्या आजीबाईंना हरिश्चंद्राच्या आख्यानाचा शेवट बुवांच्या आधी ठाऊक असतो. तरी स्मशानात राबणारा राजा आला, की त्यांचा पदर डोळ्यांकडे जातोच. पुढे काय होणार यासाठी त्या बसलेल्या नसतात. राजा ते सोसतो कसे, हे त्यांना ऐकायचे असते. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या अमेरिकन मालिकेतला 'अ क्वालिटी ऑफ मर्सी' हा २०२२ सालचा भाग पाहताना मला त्या आजीबाई आठवल्या.

१९६६ साली सुरू झालेली 'स्टार ट्रेक' ही मालिका आपल्या दूरदर्शननेही १९८०च्या दशकात दाखवली होती. तिचीच ही पूर्वकथा. एंटरप्राइझ या अंतराळनौकेचा कप्तान कर्क जुन्या प्रेक्षकांच्या ओळखीचा. इथे त्याच्या आधीचा कप्तान पाइक आहे. पुढे एका अपघातात काही शिकाऊ तरुणांना वाचवताना आपण कायमचे पंगू होणार, हे त्याला आधीच कळले आहे. त्या अपघातात जे वाचणार नाहीत, त्यांतलाच एक मुलगा त्याला भेटतो. पाइक त्याला सावध करणारे पत्र लिहू लागतो. तोच भविष्यातला वृद्ध पाइक येऊन त्याला अडवतो, आणि पत्र गेले तर काय घडेल ते दाखवतो.

घडते ते १९६६च्या 'बॅलन्स ऑफ टेरर' या गाजलेल्या भागातलेच. सीमेवरच्या चौक्या उडवून अदृश्य होणारे रोम्युलनांचे जहाज, आणि त्याच्या मागावर एंटरप्राइझ. खेळ पाणबुडीच्या पाठलागाचा, म्हणून आम्हां दर्याकाठच्या माणसांना तो चटकन कळतो. मूळ कथेत कर्क पाठलाग सोडत नाही. पाइक मात्र थांबतो, शत्रूशी बोलू पाहतो. फळ काय? शत्रूचे आरमार येते, युद्ध पेटते, स्पॉक मरणाच्या दारी पोचतो.

भागाचे नाव शेक्सपिअरच्या पोर्शियाने दयेची थोरवी गायिली त्या भाषणातले; आणि इथे दयाच युद्धाला कारण होते! मग दया चुकीची काय? मला तसे वाटत नाही. शत्रूच्या कप्तानापर्यंत ती पोचते. त्यालाही लढाई नको असते. तिचा घात करतो तो त्याच्याच हाताखालचा अधिकारी. लेखकांनी हा कप्तान जपला, हे मोठे काम.

उणीव निराळीच आहे. पाइकचे प्रारब्ध विधात्याने नव्हे, १९६६च्या लेखकांनी लिहिले आहे. कर्कसाठी खुर्ची मोकळी व्हायलाच हवी! ही सक्ती त्याने स्वतः केलेली निवड वाटावी, एवढे कसब या भागात खचित आहे. पाइक आपले भविष्य पत्करतो तेव्हा गळा दाटून येतो.

पण माझ्यातल्या मास्तराला ते न गेलेले पत्र सलत राहते. आपला देह द्यायचा की नाही, हे पाइकने ठरवावे. त्या पोराचा जीव त्याने कुणाला विचारून दिला? कथा कप्तानाच्या दुःखापाशी थांबते, मुलाकडे वळून पाहत नाही. हरिश्चंद्राच्या आख्यानात रोहिदास शेवटी उठून बसतो, म्हणून आजीबाई शांत मनाने घरी जातात. इथला मुलगा उठणार नाही. भाग अवश्य पाहावा. मात्र पाहून झाल्यावर घरातल्या मुलांशी त्या मुलाविषयीही बोलावे.